साडेदहा पौंडांची होडी : हलक्या कनूचा घरगुती इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय लहान आहे, अक्षरशः लहान. एका माणसाला बसता येईल, त्याच माणसाला खांद्यावर टाकून चालता येईल, आणि जमलं तर त्यालाच घरी बांधता येईल अशी होडी. तिला कनू म्हणतात. वर्तमानपत्रांतून ‘कॅनो’ असंही लिहिलेलं दिसतं. आपण आज कनू म्हणू. दोन्ही टोकं निमुळती, वरून बहुधा उघडी, आणि वल्हं काठाला अडकवलेलं नसून हातात मोकळं. शेवटच्या गोष्टीमुळे बराच फरक पडतो. काठाला वल्ही अडकवून ओढणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. कनूतला माणूस समोर बघत जातो.

आता एक आकडा लक्षात ठेवा. १८८३ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या कँटन नावाच्या गावी एक कनू बांधली गेली. लांबी ९ फूट, रुंदी २६ इंच, मधली खोली ६ इंच. वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोच्या जरासं वर. तुमच्या घरचा भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. ही होडी त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही हलकी. आणि ती काही शोभेची नव्हती; त्याच उन्हाळ्यात तिच्यात बसून एका माणसाने तळ्यांतून आणि ओढ्यांतून २६६ मैल प्रवास केला.

असं काही वाचलं की साधारणपणे म्हटलं जातं, साहित्य सुधारलं, हत्यारं सुधारली, म्हणून होड्या हलक्या झाल्या. आम्हाला हे उलटं वाटतं. ह्या होडीतलं लाकूड जुनं होतं, तांब्याच्या चुका जुन्या होत्या, कारागिराचा हातही दहा वर्षांचा सरावलेला होता. नवीन होतं ते गिऱ्हाईक. इतकी हलकी होडी मागणारा माणूस पहिल्यांदा दुकानात आला, म्हणून ती झाली. तो माणूस कोण, त्याला ती का हवी होती, आणि पुढे ही हलकी होडी कारागिराच्या दुकानातून लोकांच्या पडवीत आणि गॅरेजमध्ये कशी शिरली, एवढंच आज सांगायचं आहे.

थोडं मागे जाऊ या. हलकी होडी ही युरोपीय माणसाची कल्पना नव्हे. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या इन्युइट लोकांचा कयाक घ्या. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. सांगाडा पुरुष बांधायचे, आणि कातडं शिवायच्या बायका. शिवण अशी की तिच्यातून पाणी येता कामा नये, कारण बर्फाळ पाण्यात ती सुटली तर माणूस गेलाच. ह्या कयाकाचं माप कुठे लिहून ठेवलेलं नसायचं. लांबी बांधणाऱ्याच्या उंचीच्या तिपटीच्या आसपास, रुंदी त्याच्या कमरेला बाजूच्या दोन मुठी जोडून होईल तेवढी. अंगरखा जसा अंगावर बेततात तशी होडी बेतलेली. एकाची होडी दुसऱ्याला नीट बसायची नाही.

दक्षिणेला, कॅनडाच्या आणि ईशान्य अमेरिकेच्या जंगलात अनिशिनाबे, वाबानाकी अशा लोकांची भूर्जाच्या सालीची कनू होती. साल एका अंगाने सोलून पसरायची, स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, सांधे झाडाच्या डिंकाने बंद करायचे, आतून सीडरच्या पातळ पट्ट्या आणि वाकवलेल्या फासळ्या. गंमत अशी की इथे आधी साल, म्हणजे कातडी, तयार होते आणि सांगाडा मागाहून आत कोंबला जातो. आपल्या सुताराला हे उलटं काम वाटेल. एडविन टॅपन ॲडनी नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही विद्या एका वाबानाकी कारागिराकडून शिकून घेतली आणि पुढची सगळी हयात ह्या होड्यांच्या एक-पंचमांश मापाच्या प्रतिकृती करण्यात घालवली. शंभरावर प्रतिकृती. त्या व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. त्याचं लिखाण १९६४ साली, तो वारल्यावर चौदा वर्षांनी, हॉवर्ड शापेलने पुरं करून स्मिथसोनियनतर्फे छापलं. आज जगात कुठेही कोणी सालीची कनू बांधायला बसला तर बहुधा ते पुस्तक शेजारी उघडं असतं.

युरोपात ह्या होड्यांची हौस पसरवली जॉन मॅकग्रेगर ह्या स्कॉटिश वकिलाने. १८६५ मध्ये त्याने ‘रॉब रॉय’ नावाची कनू बांधून घेतली आणि तीत बसून युरोपातल्या नद्या-तळी पालथी घातली. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक आलं, लंडनात कनू क्लब निघाला, आणि मध्यमवर्गात ही एक फॅशनच झाली. पण ती होडी १५ फूट लांब, ओकच्या लाकडाची, ८० पौंडांची. म्हणजे ३६ किलो. मॅकग्रेगर अंगापिंडाने धट्टाकट्टा, आणि पाणी संपलं की होडी उचलायला बैलगाडी, रेल्वे, गावातली माणसं हाताशी. पैसे मोजले की प्रश्न मिटला. ह्या पैशाच्या मुद्द्याकडे आपण लगेच येणार आहोत.

न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ टापू आहे. शेकडो तळी, त्यांना जोडणारे ओढे, मधे जंगल. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर अधूनमधून होडी पाण्याबाहेर काढून डोक्या-खांद्यावरून न्यावी लागते. तिकडे त्या वाटेला ‘कॅरी’च म्हणतात. १८६९ साली बॉस्टनच्या विल्यम मरे ह्या धर्मोपदेशकाने ह्या टापूवर एक पुस्तक लिहिलं आणि शहरी लोकांची तिकडे रीघ लागली. त्यात क्षयाचे रोगीही बरेच. औषध नव्हतं, हवापालट हाच उपाय. डॉक्टर एडवर्ड ट्रूडो स्वतः क्षयी म्हणूनच तिथे आले, आणि पुढे १८८४ च्या सुमारास त्यांनी सॅरानॅक लेकला आरोग्यधाम काढलं.

ह्या पाहुण्यांना फिरवायचं काम स्थानिक वाटाड्ये करत. त्यांची होडी म्हणजे ‘गाइडबोट’. अतिशय देखणी वस्तू, पण साठ-सत्तर पौंडांची. वाटाड्या ती उलटी करून लाकडी जोखडावर पेलायचा आणि चालू लागायचा. पाहुणा मागून छडी हलवत. थोडक्यात, जंगलात जायचं तर रोजंदारीवर माणूस हवा. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत आणि साठ पौंड उचलायची ताकद नाही, त्याने काठावर बसावं.

जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स ह्याच्याकडे दोन्ही नव्हतं. जन्म १८२१ चा, राहायला पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावी, धंदा बूट शिवण्याचा. उंची ५ फूट ३ इंच, वजन अवघं ४८ किलोच्या आसपास, आणि छातीचा विकार. जंगलात भटकण्याचं वेड मात्र लहानपणापासूनचं. एका इंडियन मित्राकडून ते लागलं आणि त्याचंच नाव, नेसमक, त्याने पुढे लेखनासाठी घेतलं. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ ह्या साप्ताहिकात तो लिहायचा. १८८० मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने ठरवलं की ॲडिरॉन्डॅकमध्ये जायचं आणि वाटाड्या घ्यायचा नाही. तेव्हा होडी अशी हवी की मला एकट्याला उचलता येईल. त्याने कँटनच्या जे. हेन्री रश्टनला पत्र लिहिलं.

हा रश्टनही मोठा मजेदार योगायोग आहे. १८४३ चा जन्म, स्वतः ठेंगणा, प्रकृतीने नाजूक. कँटनला तो आला तो बुटांच्याच दुकानात नोकरीला. १८७३ मध्ये तब्येत बिघडली म्हणून मोकळ्या हवेसाठी त्याने स्वतःपुरती एक होडी बांधली. ती पाहून ओळखीच्यांनी मागितली, आणि त्यातून धंदा उभा राहिला. म्हणजे बूट शिवणारा एक, बूट विकलेला दुसरा, आणि दोघेही अंगाने बारीक. आम्हाला ह्यात निव्वळ योगायोग वाटत नाही. बुटांच्या धंद्यातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही की आधी पाय मोजायचा. गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस किलोचं असेल तर ऐंशी किलोच्या माणसाची होडी त्याच्या गळ्यात का मारायची?

पहिली कनू १० फुटांची, अठरा पौंडांना जरा कमी. अनेकांनी सांगितलं, ही बुडणार. ती बुडाली नाही. दुसऱ्या वर्षी १६ पौंडांची आली. मग १८८३ मध्ये ती साडेदहा पौंडांची. तिचं नाव ‘सेरी गँप’. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरीत ह्या नावाची एक सुईण आहे, तिला बाटलीतलं पेय प्रिय, पाणी ती घेत नाही. आणि सीअर्सची होडीही ‘पाणी घेत नव्हती’. मराठीत गळक्या होडीबद्दल आपण हेच शब्द वापरतो, त्यामुळे हा विनोद भाषांतराशिवाय इकडे येतो.

होडी पाठवताना रश्टनने लिहून कळवलं, की आता बास, ह्याहून लहान मागू नका. आणि कंटाळा आला तर सुप वाढून घ्यायला वापरा. हे वाचल्यावर आम्हाला आपली काहील आठवली. सांगली-कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती पसरट कढई. पूल नसलेल्या गावी काहिलीत बसून नदी पार करणारी माणसं आहेत. रश्टनने होडीचं भांडं करायचा सल्ला दिला, आपल्याकडे भांड्याची होडी झाली. असो.

आता जरा गणित करू, कारण होडीचं डिझाइन म्हणजे शेवटी हेच गणित आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. सीअर्सचं वजन ४८ किलो. त्याचा नियम असा, की होडी, घोंगडी, जादा कपडे, दोन दिवसांचं खाणं, लहान कुऱ्हाड, गळ, सगळं मिळून २६ पौंडांवर जाता कामा नये. म्हणजे १२ किलो. एकूण ६० किलो. तेव्हा ६० लिटर पाणी सारायचं आहे. होडी पेटीसारखी चौकोनी असती तर लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली एवढं पुरलं असतं. पण टोकं निमुळती आणि तळ गोलसर, त्यामुळे त्या पेटीच्या पंचेचाळीस टक्के धरू. २.७४ मीटर लांबी, ०.६६ मीटर रुंदी. ह्यावरून उत्तर येतं साडेसात सेंटीमीटर. होडीची मधली खोली पंधरा. म्हणजे निम्मी पाण्यात, निम्मी वर. तळ्यासाठी पुरेशी, लाटांसाठी नाही. रश्टनने हे कागदावर मांडलं की नजरेने साधलं ते सोडा. पण ह्या होडीत सीअर्सपेक्षा वीस किलोने जड माणूस बसला असता तर काठ आणि पाणी ह्यांत जेमतेम चार बोटं उरली असती.

वजन कुठून कमी झालं तेही पाहा. पाठ सरळ ठेवून बाकावर बसण्याऐवजी सीअर्स तळाशीच बसायचा, पाय लांब करून, दोन पात्यांचं वल्हं घेऊन. बाक गेला. माणूस खाली बसल्याने होडी डगमगणं कमी झालं, म्हणून रुंदी कमी करता आली. रुंदी कमी म्हणजे फळी कमी. फळ्या सीडरच्या, जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीच्या, एकीची कड दुसरीवर चढवून तांब्याच्या चुकांनी ठोकलेल्या. फळीवर फळी चढते तिथे जाडी दुप्पट होते आणि प्रत्येक सांधा म्हणजे एक आडवी बरगडी होऊन बसते, त्यामुळे खऱ्या फासळ्या अगदी काडीसारख्या चालतात. साधारण दोन चौरस मीटर फळी, साडेचार मिलिमीटर जाड, सीडरची घनता पाण्याच्या एक तृतीयांश: तीन किलो. काठ, टोकं, फासळ्या, चुका, व्हार्निश ह्यांना उरलेले पावणेदोन. कुठेही जादू नाही. नको ते एकेक करून काढून टाकलं, एवढंच.

सीअर्सने त्या उन्हाळ्यात ती होडी मूस नदीकडून फुल्टन तळ्यांच्या माळेतून उत्तरेला पॉल स्मिथच्या हॉटेलापर्यंत नेली आणि परत आणली. तेव्हा त्याचं वय एकसष्ट. पुढच्या वर्षी त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. १८८५ मध्ये रश्टनने त्याला आणखी एक होडी करून दिली, आपलं ‘आता बास’ विसरून; ती दहा पौंडांनाही एक औंस कमी. सीअर्स १८९० मध्ये वेल्सबरोला वारला.

आता गोष्टीचा दुसरा भाग. सेरी गँप कितीही हलकी असली तरी घरी बांधता येण्यासारखी होती का? नाही. चार मिलिमीटरची फळी प्रत्येक सांध्याला तिरकी तासायची, वाफेवर नरम झालेली फासळी वाकवायची, शेकडो चुका ठोकायच्या आणि एकही फळी चिरता कामा नये, हे वर्षानुवर्षांच्या हाताचं काम. सीअर्सला वाटाड्यापासून सुटका मिळाली. रश्टनवर तो अवलंबून राहिलाच. घरी बांधायची तर काय, ह्या प्रश्नाचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर मात्र साहित्याला खरंच महत्त्व आहे.

लोकांनी खटपट सुरू केली होतीच. डॅनियल बेअर्डचं मुलांसाठीचं ‘अमेरिकन बॉईज हँडी बुक’ १८८२ चं. त्यानंतर तीनच वर्षांनी, ज्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्ये सीअर्स लिहायचा त्याच कंपनीने डब्ल्यू. पी. स्टीफन्सचं हौशी लोकांसाठी कनू आणि होडी बांधण्याचं पुस्तक काढलं. सोपा मार्ग होता कापडाचा: लाकडी सांगाडा, वर जाड किंतान, त्यावर रंगाचे हात. मेन राज्यात ह्याचा मोठा धंदा उभा राहिला. रश्टन बरीच वर्षं कापडाला नाक मुरडत होता. पण १९०२ मध्ये त्यालाही ‘इंडियन गर्ल’ ही कापडी कनू बाजारात आणावी लागली. स्वस्त मालापुढे कारागिरी किती टिकते, हे काही आपल्याला नवीन नाही.

कागदाचाही प्रयोग झाला, आणि तो वाटतो तितका वेडगळ नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्याच ट्रॉय गावी एलिशा वॉटर्स कागदी खोक्यांचा धंदा करायचा. त्याच्या मुलाने, जॉर्जने, १८६७ मध्ये नाचाच्या समारंभासाठी विकत घ्यायच्या मुखवट्याऐवजी एक उसना आणून त्यावर कागद चिकटवून तसाच मुखवटा केला, आणि हीच युक्ती आपल्या गळक्या शर्यतीच्या होडीवर वापरली. त्यातून कागदी होड्यांचा कारखाना निघाला. नॅथॅनिअल बिशप १८७४ मध्ये क्विबेकहून ३०० पौंडांची लाकडी होडी आणि सोबत एक मदतनीस घेऊन निघाला. ट्रॉयला पोचल्यावर दोन्ही परत पाठवून त्याने ५८ पौंडांची कागदी कनू घेतली, आणि एकटा फ्लोरिडापर्यंत गेला. पुन्हा तेच पाहा, होडी हलकी झाली तेव्हा बरोबरचा माणूस लागेनासा झाला. वॉटर्स मंडळींनी पुढे वेधशाळांचे घुमटही कागदाचे केले. १९०१ मध्ये कारखाना जळाला आणि ती विद्या तिथेच संपली.

जर्मनीत आल्फ्रेड हॉयरिश ह्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये घडी होणारी कापडी कयाक केली. दोन वर्षांनी तिचे हक्क रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने घेतले. क्लेपर कोण? शिंपी. मोची, शिंपी, खोकेवाला: हलक्या होडीच्या इतिहासात हे लोक सारखे भेटतात. मोठी जहाजं बांधणारे फारसे भेटत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात जाडी म्हणजे मजबुती हे पक्कं असतं.

ह्या सगळ्यावर दुसऱ्या महायुद्धानंतर मात केली दोन गोष्टींनी, पाण्यात न सुटणारा प्लायवूड आणि राळेचे नवे गोंद. ब्रिटनमध्ये केन लिटलडाइक नावाच्या शाळामास्तरांनी प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर राळ आणि काचतंतूची फीत लावून कयाक बांधायची पद्धत काढली. १९६३ मध्ये टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे डिझायनर जॅक होल्ट ह्यांनी त्याच पद्धतीची ‘मिरर’ ही शिडाची होडी आणली, ‘डेली मिरर’ ह्या वर्तमानपत्राच्या मदतीने. संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. ज्यांनी आयुष्यात रंधा धरला नव्हता अशा लोकांनी त्या गॅरेजमध्ये, बैठकीच्या खोलीत बांधल्या.

पद्धत थोडक्यात सांगतो. ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या दोन पत्र्यांची टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची, म्हणजे हवी ती लांबी मिळते. नकाशावरून पट्ट्या आखायच्या. डावी-उजवी एकावर एक ठेवून एकदमच कापायच्या, म्हणजे चुकल्या तरी सारख्याच चुकतील. कडेपासून बोटभर आत, वीतभर अंतरावर भोकं पाडायची. तारेचे तुकडे ओवून सैल पीळ द्यायचा. आणि मग दोन बाजू पुस्तक उघडावं तशा उघडायच्या. ह्या क्षणी सपाट पट्ट्यांतून होडीचा आकार आपोआप उभा राहतो, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस चकित होतोच. मधे आडवी पट्टी अडकवून रुंदी पक्की करायची, पीळ आवळायचे, आतून सांध्यात राळ आणि बारीक लाकडी भुसा ह्यांची लापशी भरायची, त्यावर फीत. वाळलं की तारा काढायच्या आणि बाहेरून तेच. सांध्याला सांधा तंतोतंत बसला नाही तरी लापशी सांभाळून घेते. रश्टनच्या हातातलं कौशल्य असं अर्धंअधिक गोंदाच्या डब्यात गेलं.

शिवून होडी बांधणं आपल्या किनाऱ्याला परकं नाही हेही सांगितलं पाहिजे. काथ्याने फळ्या शिवलेली जहाजं अरबी समुद्रात शतकानुशतकं चालत होती. गोव्यात तशीच शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. तिथे काथ्या कायमचा राहतो. इथे तार काम झालं की निघते.

डिझाइन करणाऱ्याला प्लाय एक बंधन घालतो. तो एकाच दिशेने वाकतो. पोस्टकार्ड हातात घ्या: गुंडाळी होते, पण त्याची वाटी होत नाही. तेव्हा होडीचा प्रत्येक भाग असा आखावा लागतो की तो नळकांड्याचा किंवा शंकूचा तुकडा असेल. घरी डिझाइन करणाऱ्याने आधी पुठ्ठ्याचं दहास एक मापाचं मॉडेल करावं. पुठ्ठ्यात सुरकुती पडली तर प्लायमध्ये तडा पडणार. ज्यांना गोल तळच हवा त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, सहा मिलिमीटरच्या सीडरच्या अरुंद पट्ट्या साच्यांवर एकेक करून चिकटवायच्या आणि आतून-बाहेरून काचकापड आणि राळ. मिनेसोटातल्या शर्यतीच्या कनू बांधणाऱ्यांनी ही रुजवली. टेड मूर्सच्या १९८३ च्या ‘कनूक्राफ्ट’ने ती घरोघरी नेली. टॉम हिल ह्यांनी १९८७ मध्ये रश्टनसारखीच फळीवर फळी, पण पातळ प्लायची आणि चुकांऐवजी गोंदाची, अशी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. आणि प्लॅट मॉनफोर्टने सांगाड्यावर विमानाचं, इस्त्रीने आक्रसणारं पॉलिस्टर कापड ताणून इन्युइटांच्या कयाकापाशी नेऊन सोडलं. ह्या शेवटच्या होड्या इतक्या विरळ की उन्हात धरल्या तर आतल्या काड्या दिसतात. दगडावर घासल्या तर फाटतातही, पण चिकटपट्टी लावून पुढे जाता येतं.

इथे आम्हाला एक तक्रार नोंदवायची आहे. हलकेपणाची ही शर्यत अलीकडे आकड्यांच्या फुशारकीवर आली आहे. सीअर्ससाठी साडेदहा पौंड म्हणजे आजारी छातीला पेलवेल असा भार होता. गाडीच्या टपावरून होडी तळ्याकाठी उतरवणाऱ्याला दोन किलो इकडेतिकडे झाले तर काय फरक पडतो? त्यासाठी इपॉक्सी राळेचे हात मोजून, उघड्या बोटांनी काम करणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. त्या राळेची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही. हातमोजे घाला, घासताना मास्क लावा. आणि दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा फोमचे तुकडे ठेवा. रिकामी लाकडी होडी भरून उलटली तर तरंगेल, पण तुम्हाला धरून ठेवण्याइतकी नाही. अंगात जॅकेट हवंच.

वेळ होत आली आहे, आणि एक चिठ्ठी आली आहे. श्रोते विचारतात, “माझं वजन ८० किलो, राहायला फ्लॅटमध्ये. इथे मिळणाऱ्या प्लायमध्ये हे जमेल का?” जमेल. लाकूड निवडताना ‘भारतीय मानक ७१०’चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, चार मिलिमीटरचा. परदेशी पुस्तकांत वजनं ओकुमे ह्या आफ्रिकी लाकडाच्या प्लायची असतात, तो पाण्याच्या निम्म्या घनतेचा. आपला घनमीटरला सातशे किलोच्या आसपास जातो. तेव्हा पुस्तकातला आकडा तुमच्या काट्यावर येणार नाही, त्याने खट्टू होऊ नका. तुम्ही ऐंशी, होडी सोळा, सामान दहा, म्हणजे १०६ लिटर पाणी. सेरी गँपच्या मापात बसलात तर तेरा सेंटीमीटर पाण्यात आणि दोन वर. वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला आत पाणी. म्हणून लांबी साडेतीन मीटर, रुंदी बहात्तर सेंटीमीटर धरा. त्याच गणिताने होडी साडेनऊ सेंटीमीटर बुडते. मधली खोली अठ्ठावीस ठेवली तर वर भरपूर काठ राहतो. आधी पुठ्ठ्याचं मॉडेल करा. आणि प्लाय आणायला जाण्यापूर्वी टेप घेऊन खोलीचं दार, बाहेरचा बोळ आणि जिन्याचं वळण मोजून घ्या. लिफ्टमध्ये साडेतीन मीटर मावत नाही.